सगळे लूपमध्ये आहेत

सोमवार, ३ मार्च

आज सासूबाईंसाठी वॉकर आणला. आमच्याच कारखान्यातला, परवाच बांधून झालेला, नवाकोरा. गोदामवाल्या काकांनी चार-पाच काढून दाखवले, त्यातला एक मी पारखून घेतला. दिवसभर लोकांचे वॉकर तपासते, घरी नेताना डोळे मिटून उचलीन का?

खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचं जग म्हणजे पलंग ते बाथरूम, तेही कुणाचा तरी हात धरून. डॉक्टर म्हणाले, "आता आधार घेऊन एकट्यानं चालू द्या. पण सांभाळून. पुन्हा पडल्या तर अंथरूण धरतील." हे त्यांच्या तोंडावरच म्हणाले, सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला. त्यांना फार लांब जायचंच नाहीये. फाटकाशेजारी बाकडं आहे. समोरच्या घरातली त्यांची मैत्रीण रोज संध्याकाळी तिथं येऊन बसते आणि आमच्या खिडकीकडे बघून हात हलवते. त्या बाकड्यापर्यंत स्वतःच्या पायांनी जायचं, एवढाच हट्ट.

वॉकर बघून म्हणाल्या, "हे घोडं आणलंस होय माझ्यासाठी?" मग हात लावून, "गार आहे." मग उचलून, "जड आहे." मग लांबून बघून, "रंग दवाखान्यासारखा आहे." मी काही बोलले नाही. म्हणजे मोठ्यानं बोलले नाही.

बुधवार, ५ मार्च

नवे साहेब आले. वयानं माझ्या धाकट्या भावाएवढे, बूट मात्र आरशासारखे. आल्या आल्या मीटिंग. म्हणाले, "यापुढे आपला एकच मंत्र. एव्हरीबडी इन द लूप. कुणीही म्हणता कामा नये की मला माहीत नव्हतं." बोलताना हवेत बोटानं गोल काढत होते. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. ऐकायला चांगलंच होतं.

मग गाडी माझ्यावर आली. आमच्याकडे एक जुनी रीत आहे. तपासणीत माल नापास झाला की तपासणारा त्या ढिगाला लाल चिठ्ठी बांधतो. पुठ्ठ्याची, सुतळीनं. ज्यानं बांधली त्यानंच सोडायची, तोवर मालकाचा जावई आला तरी एक खोकं हलत नाही. तपासणी विभागाची प्रमुख मी आणि शिपाईही मीच, त्यामुळे चिठ्ठी म्हणजे मी. साहेब म्हणाले, "एक माणूस कुणाला न विचारता अख्खा माल अडवतो, हे फार निगेटिव्ह आहे, मॅडम. त्यापेक्षा मेल करा. सगळ्यांना लूपमध्ये ठेवा. निर्णय मिळून होईल."

"म्हणजे चिठ्ठ्या बंद?"

"बंद नाही हो. पण शेवटचा उपाय. आधी लूप."

चिठ्ठ्यांचा गठ्ठा खणात ढकलला. आपल्याला काय, पगार तोच.

घरी सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "लूप म्हणजे काय गं?"

"म्हणजे सगळ्यांच्या कानावर घालून ठेवायचं."

"बरं. घातलं. मग?"

"मग काही नाही. त्यांना कळलेलं असतं."

"आणि करायचं कुणी?"

आता ह्यांना कुठं समजावत बसू. सकाळची भांडी पडली होती, उठले.

मंगळवार, ११ मार्च

देवा, हे लूप आहे की डबकं? सकाळी येऊन बघते तर मेलचा ढीग. कॅन्टीनचा पंखा आवाज करतो, मी लूपमध्ये. रंगखात्यातल्या कुणाच्या तरी मेव्हण्याचं लग्न म्हणून रजा, मी लूपमध्ये. त्या रजेला कुणीतरी अभिनंदन लिहिलं, त्याच्याही लूपमध्ये मी. चार ओळींचं काम आणि चाळीस माणसं साक्षीला. कामाचा मेल त्यातून शोधायचा म्हणजे तांदळातला खडा.

खरेदी खात्यात एक गृहस्थ आहेत, काहीही सांगा, "बघतो" म्हणतात. त्यांचं नाव मी बघतोबुवा ठेवलंय. आज त्यांचाही मेल आला, "नोटेड." आता बघतही नाहीत, नुसतं नोंदवतात.

सासूबाई म्हणाल्या, "तुझं घोडं माझ्या आधी बाथरूमला पोचतं." म्हटलं, आई, आधी वॉकर, मग दुखरा पाय, मग चांगला पाय. डॉक्टरांनी शिकवलंय ना तसं टाका. घाई करता, मग घोड्याला नावं ठेवता. त्यांना मी आणलेली कुठली वस्तू एकदम पसंत पडलीय? कुकर आणला तर शिट्टी आवडली नव्हती.

शुक्रवार, १४ मार्च

आज डोकं फिरलं. वॉकरच्या चार पायांना खाली रबरी बूट असतात. ओल्या फरशीवर तोल राहतो तो त्यांच्या जिवावर. ह्या वेळचे बूट नव्या पुरवठादाराचे, थोडे स्वस्त. आले तेव्हा मीच तपासले, तेव्हा अगदी मऊ होते, पास केले. पण आमच्यात प्रत्येक मालातले थोडे नमुने बाजूला ठेवून, वापरून, पुन्हा तपासायची पद्धत आहे. आज ते काढले. उताराच्या फळीवर फरशी, फरशीवर पाणी, वर वॉकर आणि त्यावर वजन. जुना बूट जागचा हलत नाही. हा असा सुटला की वजनाची पोती माझ्या पायावर आली. दुसरा लावला, तोही गेला. तिसराही. हात लावून बघितलं तर रबर कडक, गुळगुळीत. महिनाभरात मेलेलं रबर.

ताबडतोब मेल केला. स्वच्छ लिहिलं: हे बूट ओल्या फरशीवर घसरतात, म्हातारं माणूस पडेल, ह्या महिन्यातला माल थांबवावा. सगळ्यांना ठेवलं, साहेबांपासून गेटवरच्या पहारेकऱ्यापर्यंत. कुणी म्हणायला नको की माहीत नव्हतं.

पाठवून झाल्यावर जरा बरं वाटलं. खण उघडला होता, पुन्हा लावला. आधी लूप.

मंगळवार, १८ मार्च

उत्तरं आली. "नोटेड." "थँक्यू फॉर कीपिंग अस इन द लूप." अंगठा. अंगठा. नमस्काराचे हात. विक्रीखात्यानं लिहिलं, "प्लीज कीप अस पोस्टेड." अरे बाबा, आणखी काय पोस्ट करू, रबर पाकिटात घालून पाठवू?

आणि खाली गोदामातून माल चाललाय. खिडकीतून बघते तर टेम्पो भरतोय. तोच माल. काकांना विचारलं, "तुम्ही मेल वाचला ना?"

"वाचला की, बाई. फार वाईट वाटलं."

"मग भरताय कसे?"

"मला कुणी थांबवा म्हटलं नाही. आणि चिठ्ठी कुठाय? मला वाटलं, वरचे लोक बघतायत."

वरचे लोक. वरच्यांना वाटतं खालचे बघतायत, खालच्यांना वाटतं वरचे. पालथ्या घड्यावर पाणी. मी एकटी किती ओरडू? माझं काम मी केलंय, लेखी केलंय.

बुधवार, १९ मार्च

साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन बसले. म्हटलं, माणसं पडतील हो. ते फार गोड बोलतात, हीच पंचाईत. म्हणाले, "मॅडम, आय हिअर यू. तुम्ही वेळेवर लूपमध्ये ठेवलंत, तुमची जबाबदारी पूर्ण झाली. आता टेन्शन घेऊ नका."

"पण कुणी काही करत का नाहीये?"

"सगळ्यांना कल्पना आहे."

त्या "ऐकलं, ऐकलं" सारखं चीड आणणारं दुसरं काही नाही. समोरचा नाही म्हणाला तर भांडता तरी येतं. हा मान डोलावतो आणि आपलं बोलणं रुमालासारखं घडी करून खिशात ठेवून देतो.

त्याच तिरमिरीत घरी आले. चप्पल काढली नाही तोवर सासूबाई सुरू. "अगं, हे घोडं पळतंय बघ पुढं. आज बाथरूमच्या दारात..." म्हटलं, "ऐकलं हो, आई, ऐकलं. सकाळीही ऐकलं, कालही ऐकलं."  नंतर नवऱ्याला म्हटलं, तुमच्या आईला माझी प्रत्येक गोष्ट खुपते. तो म्हणाला, "वय झालंय तिचं. मनावर घेऊ नकोस." नाही घेतलं.

सोमवार, २४ मार्च

आज एक चांगली गोष्ट लिहायची आहे. सासूबाई फाटकापर्यंत गेल्या. लेक कॉलेजातून आली होती, ती नुसती बरोबर चालली, हात लावू दिला नाही. मैत्रीण बाकड्यावरून उठून उभी राहिली म्हणे. दोघी तासभर बोलल्या. मी आले तेव्हा सासूबाईंच्या गालावर चक्क रंग होता. "आता रोज जाणार," म्हणाल्या. मला आतून भरून आलं. मग म्हणाल्या, "येताना व्हरांड्यात बाई फरशी पुसत होती, तिथं घोडं बिचकलं. तुझ्या लेकीनं धरलं म्हणून." म्हटलं, ओल्यात कशाला जाता, वाळू द्यायचं ना. लेकीलाही दम भरला, आजीवर लक्ष ठेव म्हणून. बाईलाही सांगायला हवं, संध्याकाळी पुसत जाऊ नको.

कारखान्यात दुसरा मेल टाकला. ह्या वेळी वर "तातडीचे" लिहिलं, अक्षरं लाल केली. उत्तर आलं, शुक्रवारच्या मीटिंगमध्ये घेऊ. बघतोबुवांनी अंगठा दाखवला. रागानं डबा उघडला नाही, उपाशीच राहिले. त्यानं कुणाचं काय बिघडलं.

गुरुवार, २७ मार्च

पडल्या.

दुपारी लेकीचा फोन आला, मी कामातच होते. व्हरांड्यात. पाण्याची बादली हिंदकळली होती, थोडंसंच ओलं होतं. वॉकर पुढं गेला आणि त्या मागं राहिल्या. पडताना हातावर आल्या. मनगट मोडलंय. खुब्याचा फोटो काढलाय, मोठे डॉक्टर उद्या बघून सांगतील. तोवर हलवायचं नाही. दुखत होतं तरी ओरडल्या नाहीत, नुसतं विचारलं, "आता अंथरूण धरणार का गं मी?" मी म्हटलं, काहीतरीच काय. माझं मलाच खरं वाटलं नाही.

संध्याकाळी त्यांचे कपडे न्यायला घरी आले. वॉकर व्हरांड्यात आडवा पडला होता. उचलायला गेले आणि अंगठा बुटाला लागला.

कडक. गुळगुळीत.

तशीच खाली बसले. परवाच बांधून झालेला, नवाकोरा. मीच निवडलेला. जगाला मेल केले आणि घरातल्या चार पायांकडे एकदा वाकून बघितलं नाही. "पुढं पळतं" म्हणजे दुसरं काय? फळीवर माझ्या पायावर पोती आली तेव्हा तेच तर झालं होतं.

नवरा म्हणाला, "मला म्हणाली होती ती, घसरतं म्हणून. मी म्हटलं, हिला सांग, हिच्याच कंपनीचं आहे. ती म्हणाली, सांगितलंय. मला वाटलं, तू बघतेयस."

लेक रडत म्हणाली, "मलाही म्हणाली होती. मला वाटलं, तुम्हा दोघांना माहितेय." पुसायच्या बाईलाही ठाऊक होतं.

म्हणजे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या घरात सगळे लूपमध्ये होते.

शुक्रवार, २८ मार्च

सकाळी दवाखान्यातून थेट कारखान्यात. मेल उघडला नाही. खण उघडला, चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला आणि गोदामात गेले.

काका म्हणाले, "साहेबांना विचारलंत?"

"नाही."

"मेल?"

"नाही."

त्यांनी एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं आणि सुतळीचं रीळ आणून हातात दिलं. एकेका ढिगाला बांधत गेले. एक गाठ धड बसली नाही तर तिच्यावर दुसरी मारली. दारात टेम्पो भरून उभा होता, त्याच्या मागच्या कडीला एक बांधली. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, मला निघायचंय." म्हटलं, रिकामा करून निघा.

तेवढ्यात साहेब धावत आले. पहिल्यांदाच त्यांना घाम आलेला बघितला. "मॅडम, एवढा मोठा निर्णय, आणि मला लूपमध्ये नाही ठेवलंत?"

"ठेवलं होतं, साहेब. चौदा तारखेपासून तुम्ही तिथंच आहात. मीही तिथंच होते."

"पण सगळ्यांशी बोलून..."

"माझी सासू काल ह्या बुटांवरून पडली. चिठ्ठी मी बांधलीय, मीच सोडीन. मला काढायचं तर काढा, पण तोवर खोकं हलणार नाही."

आवाज चढला होता, गोदामातली सगळी माणसं थांबली होती. साहेबांनी कडीला बांधलेल्या चिठ्ठीकडे बघितलं. मग टेम्पोवाल्याला म्हणाले, "उतरवा."

गेलेला माल कुठल्या कुठल्या दुकानांत गेला ते विक्रीकडून काढून घेतलं आणि फोन लावत बसले. मेल नाही, फोन. समोरून "हो, काढून ठेवला" असं ऐकल्याशिवाय फोन ठेवला नाही. तरी काही वॉकर कुणाकुणाच्या घरी पोचलेत. दुकानदारांना म्हटलं, त्या घरी जाऊन सांगा. एकानं "बघतो" म्हटलं. त्याला संध्याकाळी पुन्हा फोन केला, मग पत्ता घेतला. रविवारी मीच जाणार आहे.

दुपारी बघतोबुवा आले. खाली मान घालून म्हणाले, "जुन्या पुरवठादाराला फोन लावला. सोमवारी बूट येतील." आणि कागदात गुंडाळलेले चार बूट टेबलावर ठेवले. "हे जुन्या मालातले. घरी न्या." मी त्यांना एवढी नावं ठेवली ह्या वहीत.

चारनंतर दवाखान्यातून नवऱ्याचा फोन आला. खुबा शाबूत आहे. गोदामामागच्या नळावर जाऊन तोंड धुतलं, बराच वेळ धुतलं.

सोमवार, ३१ मार्च

सासूबाई काल घरी आल्या. हात गळ्यात. मनगट जुळेपर्यंत वॉकर धरता येणार नाही, म्हणजे फाटकही बंद. वॉकर कोपऱ्यात उभा आहे, त्याला मी शुक्रवारी संध्याकाळी येऊन लाल चिठ्ठी बांधली होती.

"हे काय बांधलंस माझ्या घोड्याला?"

सांगितलं. चिठ्ठी म्हणजे काय, कुणी बांधायची, कुणी सोडायची.

"मग कधी सोडणार?"

"आत्ता." बूट काढले, जुन्या मालातले बसवले. व्हरांड्यात तांब्याभर पाणी ओतलं आणि वॉकरवर माझा सगळा भार टाकला. माझं वजन काही कमी नाही. डावीकडून टाकला, उजवीकडून टाकला, पुढं ढकलून बघितला. घोडं जागचं हललं नाही. मग चिठ्ठी सोडली. सासूबाई दारातून बघत होत्या.

"मी तुला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो, आई."

"तू म्हणालीस, ऐकलं."

"हो."

 मग म्हणाल्या, "चल, फाटकापर्यंत ने मला. घोड्याचं नंतर बघू." मी चांगला हात धरला आणि निघालो. खिशात फोन थरथरत होता, कुणीतरी कशाच्या तरी लूपमध्ये घेत असणार. वाजू दिला. पोचायला वेळ लागला. मैत्रिणीनं सरकून जागा केली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मला रोज सांगायची हो, घोडं पळतंय म्हणून. मी म्हणायचे, अगं सुनेला सांग की, ती त्याच खात्यात आहे. तर पुन्हा सांगायचं टाळायची."

सासूबाई रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "दमून येते गं ती. सारखं काय सांगायचं."

मी काही बोलले नाही. ह्या वेळी मनातही नाही.